सुट्या भागांची भाषा जाणणारा कारागीर

बुलडाणा जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांत जुनी मोटारसायकल जतन करणाऱ्यांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. भंगाराच्या ढिगातून किंवा बंद पडलेल्या गॅरेजच्या फळीवरून एखादा लोखंडी तुकडा हाती येतो. त्यावर कंपनीचे नाव नसते, क्रमांक असला तर तो गंजाने खाल्लेला असतो. तो बुलेटचा आहे, जावाचा आहे की राजदूतचा, हे सांगणारा जुना मिस्त्री हयात नसतो. मद्रासला 1955 पासून तयार होऊ लागलेली एनफिल्ड मूळची इंग्रजी वळणाची, म्हैसूरची जावा चेकोस्लोव्हाकियाच्या घराण्यातली आणि एस्कॉर्ट्‌सची राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली. प्रत्येकीचे माप वेगळे, आटे वेगळे. चुकीचा बोल्ट जोर लावून पिळला, तर इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या अंगातले आटे जातात आणि पन्नास-साठ वर्षे टिकलेली वस्तू एका मिनिटात निकामी होते.

अशा अनोळखी भागाची ओळख पटवण्याची विद्या मराठी माणसाला परकी नाही. तो भाग हातात घेऊन नीट पाहायचा, मोजायचा, कागदावर उतरवायचा, त्याचे काम काय असेल याचा तर्क करायचा आणि मिळत नसेल तर तसाच दुसरा घडवायचा. मराठी मुलखात या विद्येवर एक सबंध उद्योग उभा करणाऱ्या माणसाचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. त्यांनी मोटारसायकल कधी बनवली नाही. परंतु त्यांच्या धंद्याची सुरुवात ज्या वस्तूने झाली, ती मोटारसायकलीची आईच म्हणावी लागेल. ती वस्तू म्हणजे सायकल.

गुर्लहोसूर ते मुंबई

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत विद्वान आणि धर्मपरायण गृहस्थ होते. मुलाने शिकून सवरून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळच्या कोणत्याही घरातली साधी अपेक्षा. या मुलाचे मन मात्र पाठ्यपुस्तकात रमेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती. एक चित्रकला आणि दुसरी यंत्रे.

थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी धाकट्याची ही ओढ ओळखली. त्यांनी खर्चाचा भार उचलला आणि 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षे काढल्यावर एक कठोर सत्य समोर आले. त्यांना काही रंगांतला भेद कळत नव्हता. रंग न कळणारा चित्रकार होणे शक्य नव्हते. ज्या आशेने घरच्यांचा विरोध पत्करून मुंबई गाठली, ती आशा तेथेच संपली.

रंग गेले, रेषा मात्र हाती राहिली. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास चालू ठेवला. एखादी वस्तू वरून, समोरून आणि बाजूने कशी दिसेल ते मापासह कागदावर मांडायचे, मधोमध कापली तर आत काय दिसेल तेही दाखवायचे, हे या विद्येचे स्वरूप. तिला रंगांची गरज नसते. नजर, पट्टी आणि कंपास पुरतात. याच कौशल्याच्या बळावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. आज व्हीजेटीआय या नावाने ओळखली जाणारी ही संस्था 1887 मध्ये नुकतीच स्थापन झाली होती.

वर्गातले तास संपले की लक्ष्मणराव संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन बसत. यंत्रे चालताना पाहणे, ती उघडणे, आतले भाग सुटे करणे, पुन्हा जोडणे हा त्यांचा खरा अभ्यास. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. विलायती यंत्रांची माहिती इंग्रजी पुस्तकांतून आणि प्रत्यक्ष यंत्रांतून त्यांनी स्वतःच मिळवली.

सायकलीचे दुकान

त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. लक्ष्मणराव स्वतः सायकल चालवायला शिकले आणि या वस्तूला आपल्या गावाकडेही गिऱ्हाईक मिळेल हे त्यांनी ताडले. 1888 मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. घेणाऱ्याला सायकल चालवता येत नसे, म्हणून ती शिकवण्याचे 15 रुपये वेगळे घेतले जात. पुढे अवाढव्य झालेल्या किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ याच वर्षापासून मानला जातो.

सायकल विकणे सोपे होते, ती चालती ठेवणे अवघड. गाडी विलायतेहून यायची आणि तिचे सुटे भागही विलायतेहूनच यायचे. बेळगावसारख्या गावात एखादा कप, कोन किंवा आस झिजला, की नवा भाग बोटीने येईपर्यंत गाडी पडून राहणार. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला प्रत्येक भागाचे माप, त्याचा धातू आणि त्याचे काम ठाऊक असणे भाग होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रॉयल एनफिल्ड, ट्रायम्फ, बीएसए या पुढे मोटारसायकलींसाठी गाजलेल्या इंग्रजी कंपन्या आधी सायकली बनवीत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी सायकलीच्याच सांगाड्याला इंजिन जोडले. त्यामुळे सायकलीचे आटे मोटारसायकलीत आले. इंचाला 26 आटे असलेले बारीक मळसूत्र जुन्या इंग्रजी गाड्यांत जागोजाग सापडते ते या घराण्यामुळे. जावा-येझदीला मात्र मिलिमीटरचे माप लागते. अनोळखी बोल्ट कोणत्या कुळातला हे ओळखण्याची पहिली खूण आजही तीच आहे. आटे मोजा, आणि गाडीचे गोत्र कळते.

नोकरीला रामराम

लक्ष्मणरावांनी आयुष्य कदाचित शिक्षक म्हणूनच काढले असते. पण बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. अपमान गिळून नोकरी टिकवणारे तेव्हा बहुसंख्य होते. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. घरात पत्नी राधाबाई, पुढे वाढत जाणारा संसार आणि मिळकत म्हणजे एक सायकलींचे दुकान. ज्या रस्त्यावर ते दुकान होते, त्याला पुढे किर्लोस्कर रोड हे नाव मिळाले. त्या दिवशी मात्र तेथे अनिश्चिततेखेरीज काही नव्हते.

सायकलींच्या जोडीला त्यांनी पवनचक्क्या विकून पाहिल्या. विलायती मालाची दलाली करून पोट भरता येईल, पण त्यातून काही नवे निर्माण होणार नाही, हे त्यांना कळून चुकले. आजूबाजूला सारा शेतकऱ्यांचा मुलूख. त्यांच्या उपयोगाचे काही बनवावे, या विचारातून कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. त्यानंतर आला लोखंडी नांगर.

दोन वर्षे न विकलेला नांगर

लोखंडी नांगर विलायतेहून येत असे, पण तो महाग होता. तसाच नांगर येथे ओतता येईल, असे लक्ष्मणरावांना वाटत होते. परंतु वस्तू समोर आहे म्हणून तिची नक्कल करता येते, हा समज अडाणीपणाचा. बिडाचा रस थंड होताना आकसतो. फुटाला सुमारे अष्टमांश इंच इतका तो कमी होतो. म्हणून लाकडी नमुना मूळ भागापेक्षा तेवढा मोठा करावा लागतो. जेथे घासकाम करायचे असेल, तेथे जाडी वाढवावी लागते. फाळाचे टोक कठीण हवे, पण सारा नांगर तसाच कठीण केला, तर तो खडकावर आपटून काचेसारखा फुटतो. हे सारे मूळ वस्तूकडे पाहून दिसत नाही. ते तर्काने आणि चुकत माकत शोधावे लागते.

नांगर तयार झाला आणि गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, काळी आई विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. शेकडो वर्षे लाकडी नांगरावर पोसलेल्या समाजाला हे नवे अवजार पटेना. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत भट्टीचा, कामगारांचा आणि घराचा खर्च थांबला नव्हता. सायकलींच्या विक्रीवर दिवस काढणे एवढेच हाती होते.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याची शंका खोटी नव्हती. अनोळखी अवजारावर एक हंगाम लावायचा आणि तो फुकट गेला तर वर्षभर उपाशी राहायचे, हा धोका त्याचा होता. नांगर शेतात चालवून दाखवणे, मोडलेला भाग बदलून देणे, तक्रार ऐकून पुढच्या नांगरात सुधारणा करणे, हाच विश्वास मिळवण्याचा मार्ग होता. हळूहळू माती खोलवर उलटवणाऱ्या या नांगराचा फायदा दिसू लागला. काळ्या भारी जमिनीत हरळी आणि कुंद्याची मुळे हातभर खाली गेलेली असतात. वऱ्हाडातल्या कापसाच्या रानात ज्याने ती मुळे काढली आहेत, त्याला या फरकाचे मोल सांगावे लागत नाही.

निवडुंगाच्या माळावर

धंदा कुठे मार्गी लागतो न लागतो तोच नवे संकट आले. बेळगावात नवी वसाहत वसवण्यासाठी कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम निघाला. भट्टी, लेथ, नमुने, माणसे सारे घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न होता. चाळिशी गाठलेल्या माणसाला पुन्हा शून्यापासून आरंभ करायचा होता.

यावेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कलेची जाण असलेल्या या संस्थानिकाने लक्ष्मणरावांची योग्यता ओळखली होती. त्यांनी कुंडल रोड या लहानशा रेल्वे स्थानकाजवळ 32 एकर जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली. जमीन म्हणजे निवडुंग आणि नाग यांनी भरलेला उजाड माळ. मार्च 1910 मध्ये किर्लोस्कर मंडळी तेथे उतरली. विलायतेतील उद्योगपतींनी कामगारांसाठी वसवलेल्या गावांविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. कारखाना आणि गाव एकत्र उभे करायचे, हे स्वप्न त्यांनी या माळावर प्रत्यक्षात आणले. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. भारतातील अगदी पहिल्या औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते.

सोबतची माणसेही पदव्यांवरून निवडलेली नव्हती. शंभूराव जांभेकर यांनी यंत्रांची आणि भट्टीची बाजू सांभाळली. मंगेशराव रेगे यांनी हिशेब पाहिले. के. के. कुलकर्णी यांनी व्यवस्था पाहिली आणि शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर नवनव्या कल्पना लढवणारे यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर वाडीच्या राखणीची जबाबदारी टाकण्यात आली आणि त्यांनी ती चोख पाळली. भंगारातला तुकडा टाकाऊ ठरवण्याआधी तो कशाच्या उपयोगाचा आहे हे पाहायची जी सवय लक्ष्मणरावांना होती, ती त्यांनी माणसांच्या बाबतीतही सोडली नाही. जातीपातीचा आणि शिवाशिवीचा भेद वाडीत राहू नये, असाही त्यांचा आग्रह असे.

तोफांचे नांगर

पहिले महायुद्ध 1914 मध्ये सुरू झाले आणि विलायतेहून येणारा कच्चा माल आटला. बीड नाही, भट्टीला लागणारा कोळसा नाही, रंगसुद्धा नाही. दुसरीकडे विलायती नांगर येणे थांबल्यामुळे देशी नांगराची मागणी वाढली होती. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी थंड, अशी अवस्था झाली.

या काळात वाडीची खरी कसोटी लागली. कोळशाऐवजी जंगलातले लाकूड वापरून पाहण्यात आले. रंग वाडीतच तयार करण्यात आला. मोडीचे लोखंड मिळेल तेथून गोळा करण्यात आले. मोडीचे लोखंड म्हणजे अनोळखी भागांचा ढीगच. त्यात बीड कोणते, पोलाद कोणते, कोणता तुकडा रसात चालेल आणि कोणता सारी ओत बिघडवेल, हे तोडलेल्या बाजूचा पोत पाहून ओळखावे लागते. राखाडी, दाणेदार तुटलेली बाजू एक सांगते आणि पांढरी, चकाकती बाजू दुसरे. ही पारख ज्याला आहे तोच अशा मालातून भरवशाची वस्तू काढू शकतो.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या, निकामी तोफा या कामासाठी दिल्या. ज्या धातूने कधी काळी गडांचे रक्षण केले, तो वितळून शेतकऱ्याच्या हाती नांगर होऊन गेला. मराठी मुलखात ही घटना आजही अभिमानाने सांगितली जाते. तिच्यामागे राजाचे औदार्य जितके होते, तितकेच त्या धातूचे काय करायचे हे नेमके जाणणाऱ्या कारागिराचे ज्ञानही होते.

नांगरापासून पंपापर्यंत

युद्ध संपल्यावर 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याचे वार्तापत्र सुरू केले. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' हे मासिक घडले, 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' निघाले. नांगर विकणाऱ्या कारखान्याने मराठी सुशिक्षित घरांत नवे विचार पोहोचवले, हेही या वाडीचे एक वैशिष्ट्य.

उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि लोखंडी सामान यांच्या जोडीला 1926 मध्ये सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. त्याच सुमारास थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिकून परतले. पित्याने यंत्रे उघडून जे शिकले, ते पुत्र शास्त्रशुद्ध रीतीने शिकून आला होता. पुढे 1941 मध्ये हरिहर येथे लेथ बनवणारा कारखाना आणि 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिने व बंगळूरला विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या. विहिरीवरचा पंप आणि किर्लोस्कर हे नाव विदर्भापासून कोकणापर्यंत एकच होऊन बसले.

लक्ष्मणरावांचे 26 सप्टेंबर 1956 रोजी निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त 20 जून 1969 रोजी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ज्या कुंडल रोड स्थानकाजवळ ते उतरले होते, ते आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.

मागे राहिलेली रीत

लक्ष्मणरावांच्या आयुष्यात अडचणी येत गेल्या आणि प्रत्येक अडचणीचा मुळाशी जाऊन विचार झाला. रंग दिसत नाहीत, तर रेषा धरायची. बढती मिळत नाही, तर स्वतःचे दुकान चालवायचे. बीड मिळत नाही, तर मोडीतून शोधायचे. त्यांच्या यशाचे श्रेय नशिबाला देता येत नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा आधार आणि रामूअण्णांची साथ मात्र त्यातून वगळता येणार नाही. हे दोघे नसते, तर बेळगावातच हा उद्योग थांबला असता.

बुलडाण्यात आज कोणी जुन्या गाडीचा बिननावाचा भाग हातात घेऊन बसला असेल, तर त्याला या माणसाच्या रीतीने जाता येते. गंज खरवडण्याआधी तो भाग रॉकेलमध्ये भिजत ठेवावा, म्हणजे पुसट अंक आणि ओतशाळेची खूण शाबूत राहते. लोहचुंबक लावून लोखंड की ॲल्युमिनियम ते पाहावे. वर्नियरने व्यास आणि आटेमापकाने आटे मोजावेत. बहुतेक इंग्रजी आटे 55 अंशांचे, पण सायकलीच्या घराण्यातले इंग्रजी आटे आणि मेट्रिक आटे 60 अंशांचे, ही खूण विसरू नये. कोठे झीज झाली आहे ते पाहिले, की तो भाग कशावर घासत होता हे कळते आणि जागा सापडते. मग तिन्ही बाजूंनी त्याचे चित्र काढून मापे लिहावीत. नमुना करणारा सुतार आणि लेथवाला यांना तोंडी वर्णनापेक्षा हा कागद अधिक उपयोगी पडतो.

मोडलेला तुकडा मात्र नवा भाग बसून गाडी चालू होईपर्यंत फेकू नये. नवा भाग नीट बसला नाही, तर काय चुकले ते सांगायला तोच एक साक्षीदार उरतो. दीडशे वर्षांपूर्वी गुर्लहोसूरला जन्मलेल्या त्या मुलाने पदवीवाचून यंत्रविद्या मिळवली ती अशाच मुक्या साक्षीदारांकडून.